एक्स-रे ट्यूब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं एक्स-रे टेक्निशियन, रेडिओग्राफीचे विद्यार्थी आणि स्वतःच्या दवाखान्यात मशीन असलेले डॉक्टर यांच्यासाठी आहेत. सगळा भर ट्यूबवर आहे, कारण चुकीच्या वापराची किंमत मशीनमधला हाच भाग आधी मोजतो. ट्यूब टिकते की जाते हे बहुतेक वेळा उष्णतेवर ठरतं, त्यामुळे पुढच्या निम्म्या उत्तरांत उष्णतेचाच हिशेब आहे.

ट्यूबच्या आत नेमकं काय असतं?

बाहेरून दिसतं ते धातूचं डबडं म्हणजे ट्यूब नव्हे. ते हाउसिंग. त्याच्या आतून शिशाचा पत्रा असतो आणि पोकळीत इन्सुलेटिंग तेल भरलेलं असतं. खरी ट्यूब त्या तेलात बुडालेली असते. ती काचेची किंवा धातू-सिरॅमिकची असून पूर्ण निर्वात केलेली असते.

ट्यूबच्या एका टोकाला कॅथोड. त्यात सुमारे ०.२ मिमी जाडीच्या टंगस्टन तारेची एक सेंटीमीटरच्या आसपास लांबीची स्प्रिंग असते, ती फिलामेंट. टंगस्टनमध्ये एक-दोन टक्के थोरियम घातलेलं असतं, त्यामुळे कमी तापमानालाही भरपूर इलेक्ट्रॉन सुटतात. फिलामेंट एका खोलगट धातूच्या कपात बसवलेली असते. या कपावर ऋण विद्युतभार असल्यामुळे इलेक्ट्रॉन पसरत नाहीत, त्यांचा अरुंद झोत होतो. बहुतेक ट्यूबमध्ये शेजारी शेजारी दोन फिलामेंट असतात, एक लहान फोकससाठी आणि एक मोठ्या. फोकस म्हणजे समोरच्या टोकावर इलेक्ट्रॉन आदळतात ती जागा.

दुसऱ्या टोकाला अ‍ॅनोडची तिरक्या कडेची चकती. तिच्या कडेचा जो पट्टा इलेक्ट्रॉनचा मारा झेलतो तो फोकल ट्रॅक. चकती एका बारीक मॉलिब्डेनमच्या दांड्यावर असते, दांडा तांब्याच्या रोटरला जोडलेला असतो आणि रोटर बॉल बेअरिंगवर फिरतो. रोटर फिरवणारी स्टेटरची वेटोळी काचेच्या बाहेर, तेलात असतात. म्हणजे हा साधा इंडक्शन मोटरचा प्रकार आहे, फक्त मोटरचा फिरता भाग निर्वातात आणि स्थिर भाग बाहेर.

बटण दोन टप्प्यांत का दाबायचं?

पहिल्या टप्प्यात दोन गोष्टी होतात. एरवी मंद तापलेली फिलामेंट निवडलेल्या एमएला (मिलिअँपिअरमधला ट्यूबचा करंट) लागणाऱ्या तापमानापर्यंत जाते आणि रोटर पूर्ण वेग पकडतो. याला साधारण एक सेकंद लागतो. दुसरा टप्पा दाबला की कॅथोड आणि अ‍ॅनोडमध्ये विजेचा उच्च दाब लागतो आणि एक्सपोजर होतं, म्हणजे किरण सुटतात.

पहिला टप्पा दाबून धरायचा आणि पेशंटला "श्वास घ्या... अजून घ्या... धरून ठेवा" म्हणत राहायचं, ही फार महागात पडणारी सवय आहे. तेवढा सगळा वेळ फिलामेंट पांढरीशुभ्र तापलेली असते, टंगस्टनची वाफ होत असते आणि बेअरिंग विनाकारण झिजत असतात. आधी पेशंटकडून श्वास धरण्याची एकदा तालीम करून घ्या. मग "श्वास घ्या" म्हणताना पहिला टप्पा आणि "धरा" म्हणताच दुसरा. लहान मुलांच्या बाबतीत वाट पाहणं टळत नाही, तिथे ठीक आहे, पण सरसकट प्रत्येक पेशंटला नको.

किरण तयार कसे होतात?

फिलामेंटमधून सुटलेले इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडकडे खेचले जातात. अंतर जेमतेम एक-दोन सेंटीमीटर, पण १०० केव्हीला (किलोव्होल्ट, म्हणजे त्या उच्च दाबाचा आकडा) ते प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं अ‍ॅनोडवर आदळतात. तिथे दोन प्रकारे क्ष-किरण निघतात.

पहिला प्रकार म्हणजे इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना वळतो, मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा किरणाच्या रूपानं बाहेर टाकतो. कोणी थोडं मंदावतो, कोणी जास्त, म्हणून या किरणांत सगळ्या ऊर्जांची सरमिसळ असते. मशीनवर ८० केव्ही लावले म्हणजे सगळे किरण ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणाच्या ऊर्जेचं एकक) निघत नाहीत. ती कमाल मर्यादा. सरासरी तिच्या एक तृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान असते.

दुसऱ्या प्रकारात येणारा इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या सगळ्यात आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो. ती रिकामी जागा बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन भरतो आणि ठरावीक ऊर्जेचा किरण सुटतो. टंगस्टनच्या बाबतीत ही ऊर्जा मुख्यतः ५८ ते ५९ आणि ६७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. आतला इलेक्ट्रॉन उपटायला ६९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून ७० केव्हीच्या खाली हा प्रकार घडतच नाही. हाताचा एक्स-रे ५० केव्हीला काढताना सगळं काम पहिल्याच प्रकारावर चालतं.

फक्त एक टक्का ऊर्जेचे किरण होतात हे खरं का?

खरं आहे. १०० केव्हीला टंगस्टनवर एक टक्क्याच्याही थोडी खालीच राहते. उरलेल्या ९९ टक्क्यांची उष्णता होते, आणि ती काही मिमी लांबी-रुंदीच्या जागेवर, सेकंदाच्या काही शतांश भागात.

आकडे घालून पाहू. ८० केव्ही आणि ५०० एमए म्हणजे ४० किलोवॅट. १.२ मिमीचा फोकस आणि १२ अंशांचा अ‍ॅनोड असेल, तर इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात साधारण १.२ मिमी रुंद आणि ५.८ मिमी लांब पट्टीवर पडतात. क्षेत्रफळ जवळपास ७ चौरस मिमी. एवढ्याशा जागेवर ४० किलोवॅट टिकून पडले तर टंगस्टनही वितळेल, आणि टंगस्टनचा वितळणबिंदू ३४०० अंश सेल्सिअसच्या वर आहे. आता चकती फिरवा. ट्रॅकची सरासरी त्रिज्या ४० मिमी धरली तर मारा २५१ मिमी लांबीच्या वर्तुळावर वाटला जातो, म्हणजे सुमारे १४५० चौरस मिमी. दोनशे पट जागा मिळाली. चकती फिरवण्याचं कारण एवढंच.

५० हर्ट्झच्या विजेवर चकती मिनिटाला जवळपास ३००० फेरे घेते, म्हणजे एक फेरा २० मिलीसेकंदांत. एक्सपोजर १० मिलीसेकंदांचं असेल तर अर्धाच ट्रॅक वापरला जातो आणि उरलेला अर्धा थंडच राहतो. म्हणून मोठ्या क्षमतेच्या ट्यूब मिनिटाला ९००० फेऱ्यांच्या आसपास फिरवतात.

मग दाताच्या आणि पोर्टेबल मशीनमध्ये अ‍ॅनोड स्थिर का असतो?

गरज नाही म्हणून. दाताचं मशीन ६० ते ७० केव्ही आणि ७-८ एमएवर चालतं, म्हणजे जेमतेम अर्धा किलोवॅट. तांब्याच्या जाड ठोकळ्यात बसवलेला टंगस्टनचा लहान तुकडा ती उष्णता सहज ओढून घेतो. ६० किंवा १०० एमएच्या जुन्या पोर्टेबल मशीनमध्येही बहुधा स्थिर अ‍ॅनोडच सापडतो. त्यांना किंमत द्यावी लागते ती वेळेची. एमए कमी, म्हणून एक्सपोजर लांब, म्हणून पेशंट हलला की चित्र पुसट.

टंगस्टनच का? आणि मॅमोग्राफीत वेगळा धातू कशासाठी?

टंगस्टनचा अणुक्रमांक ७४. अणुक्रमांक जितका मोठा तितके किरण जास्त. वितळणबिंदू प्रचंड आणि बाष्पदाब कमी, म्हणजे तापला तरी त्याची वाफ फारशी होत नाही. फिरत्या अ‍ॅनोडमध्ये मात्र शुद्ध टंगस्टन वापरत नाहीत. त्यात ५ ते १० टक्के रेनियम मिसळतात. त्यामुळे वारंवार तापून-निवून पृष्ठभागाला तडे जाण्याचं प्रमाण कमी होतं. हा थर मॉलिब्डेनमच्या चकतीवर असतो आणि मोठ्या ट्यूबमध्ये मागे ग्रॅफाइटही असतो, कारण ग्रॅफाइट हलका असून उष्णता चांगली साठवतो.

स्तनाच्या ऊतींमध्ये घनतेचा फरक फार बारीक असतो. तो दिसायला २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे किरण लागतात. मॉलिब्डेनम नेमके १७.५ आणि १९.६ चे किरण देतो, म्हणून फिल्मच्या काळात मॅमोग्राफीवर त्याचंच राज्य होतं. आता डिजिटल मॅमोग्राफीत रोडियम किंवा चांदीचा फिल्टर लावून टंगस्टनचा अ‍ॅनोडही सर्रास वापरतात. या ट्यूबची खिडकी बेरिलियमची असते, कारण काचेनं हे मऊ किरण तिथेच अडवले असते.

लहान फोकस कधी, मोठा कधी?

लहान फोकसनं कडा रेखीव येतात, मोठ्या फोकसला उष्णता जास्त सोसते. सर्वसाधारण ट्यूबवर ०.६ आणि १.२ मिमी ही जोडी दिसते. हात, पाय, मनगट, बोटं यांना लहान फोकस. कंबर, पोट, कवटी, जाड पेशंट यांना मोठा. पेशंट हलण्याची शक्यता असेल तिथेही मोठा फोकस घेऊन वेळ कमी करा. ०.६ मिमीच्या फोकसनं मिळालेला रेखीवपणा अर्ध्या सेकंदाच्या हालचालीत कुठल्या कुठे जातो.

५.८ मिमी लांबीची पट्टी पेशंटच्या बाजूनं १.२ मिमीच कशी दिसते? कड तिरकी असल्यामुळे. ट्रॅक खालून पाहिला की त्याची लांबी आखडलेली दिसते. कोन जितका लहान तितका दिसणारा फोकस लहान. पण कोन लहान केला की किरणांनी व्यापलेलं क्षेत्रही आखडतं. १२ अंशांच्या अ‍ॅनोडला १०० सेंमी अंतरावर ट्यूबच्या लांबीच्या दिशेनं जास्तीत जास्त ४२ सेंमीच्या आसपास क्षेत्र मिळतं. १४ × १७ इंचांचं, चित्र टिपणारं पॅनेल जेमतेम भरतं ते यामुळेच.

छातीच्या एक्स-रेत एक बाजू फिकी येते. ट्यूब खराब झाली का?

आधी हील इफेक्ट तपासा. अ‍ॅनोडच्या बाजूनं बाहेर पडणाऱ्या किरणांना अ‍ॅनोडच्याच धातूतून जास्त वाट काढावी लागते, म्हणून त्या बाजूला तीव्रता कमी आणि कॅथोडच्या बाजूला जास्त असते. हा ट्यूबचा स्वभाव आहे, बिघाड नाही. अंतर कमी, पॅनेल मोठं आणि अ‍ॅनोडचा कोन लहान, तेव्हा फरक जास्त दिसतो.

तो कामालाही लावता येतो. शरीराचा जाड भाग कॅथोडच्या बाजूला ठेवा. मांडीचं हाड काढताना खुबा कॅथोडकडे, गुडघा अ‍ॅनोडकडे. पाठीच्या वरच्या कण्याच्या समोरच्या चित्रात पोटाकडचा भाग कॅथोडकडे. हाउसिंगवर केबल जिथे शिरतात तिथे अधिक आणि उणे अशी खूण असते. उणे म्हणजे कॅथोड. ती एकदा बघून टेबलाच्या त्या टोकाला पट्टी चिकटवून ठेवा.

मात्र फिकेपणा लांबीच्या दिशेनं नसून आडवा असेल, किंवा पूर्वी नव्हता आणि आता येऊ लागला असेल, तर हील इफेक्टवर ढकलू नका. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) तिरकी बसली आहे का, ट्यूब मध्यावर आहे का, कॉलिमेटरची (किरणांची चौकट ठरवणारा भाग) पाती सरकली आहेत का, हे पाहा.

केव्ही, एमए आणि सेकंद, कशानं काय बदलतं?

एमए आणि सेकंद यांचा गुणाकार म्हणजे एमएएस. तो दुप्पट केला की किरण दुप्पट आणि पेशंटचा डोसही दुप्पट. किरणांची भेदकता तीच राहते.

केव्ही वाढवला की दोन्ही वाढतात. ट्यूबमधून निघणारी तीव्रता साधारण केव्हीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, शिवाय किरण जास्त भेदक होतात. व्यवहारातला ठोकताळा असा: केव्ही १५ टक्क्यांनी वाढवला तर पॅनेलवर तेवढाच परिणाम निम्म्या एमएएसमध्ये मिळतो. ६० केव्ही, ८ एमएएसच्या जागी ६९ केव्ही, ४ एमएएस. डोस कमी होतो, कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो.

डिजिटल पॅनेल आल्यापासून एक वाईट खोड लागली आहे. एमएएस कमी पडला तर चित्र दाणेदार येतं आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त झाला तर सॉफ्टवेअर चित्र सावरून घेतं आणि कोणीच काही म्हणत नाही. म्हणून हात हळूहळू जास्तीकडे सरकतो. यात पेशंटचा डोस वाढतो आणि ट्यूबही तापते. मशीन दाखवतं तो एक्सपोजर इंडेक्स (पॅनेलला किती किरण मिळाले याचा आकडा) प्रत्येक चित्रानंतर पाहा आणि अवयवानुसार तक्ता भिंतीवर लावा.

हीट युनिट कसं मोजायचं?

हीट युनिट हे ट्यूबवर पडणारी उष्णता मोजायचं एकक. हिशेब असा: केव्ही गुणिले एमए गुणिले सेकंद. हाय फ्रीक्वेन्सी किंवा थ्री-फेज जनरेटर (मशीनमधला ट्यूबला उच्च दाब पुरवणारा भाग) असेल तर त्याला आणखी सुमारे १.४ नं गुणायचं.

कमरेचं बाजूचं चित्र धरा. ८५ केव्ही, २०० एमए, ०.४ सेकंद. ८५ × ८० म्हणजे ६८००, गुणिले १.४ म्हणजे ९५२० हीट युनिट. १,४०,००० क्षमतेच्या अ‍ॅनोडवर अशी चौदा चित्रं लागोपाठ, मध्ये न थांबता काढली तर मर्यादा आली. याउलट छातीचं चित्र ११० केव्ही, ४ एमएएसला जेमतेम ६१६ हीट युनिटचं. छातीच्या शिबिरात दिवसभर शंभर पेशंट झाले तरी ट्यूबला फारसं काही वाटत नाही. कंबर आणि पोटाच्या लागोपाठ चित्रांनी मात्र दमछाक होते.

एकूण उष्णता मर्यादेत असूनही ट्यूब एका एक्सपोजरमध्ये जाऊ शकते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. वरचंच ८० एमएएस २०० एमएवर घेतलं तर १७ किलोवॅट पडतात. ५०० एमए आणि ०.१६ सेकंद घेतलं तर ४२.५ किलोवॅट. हीट युनिट तितकेच, पण ट्रॅकला ते निवण्याआधी पचवावे लागतात. लहान फोकसला हे झेपणार नाही. यासाठी ट्यूबसोबत रेटिंग चार्ट येतो, म्हणजे किती केव्ही-एमएला किती वेळ चालेल याचा तक्ता. आजची मशीन असे एक्सपोजर स्वतःच अडवतात. मात्र ट्यूब बदलल्यावर कंट्रोलमध्ये नव्या ट्यूबची माहिती भरलेली नसेल, तर ते कुलूप चुकीच्या मर्यादेवर लागतं. इंजिनिअर जाण्यापूर्वी हे विचारून घ्या.

सकाळी वॉर्म-अप खरंच लागतो का?

लागतो. थंड टंगस्टन ठिसूळ असतो. थंड चकतीवर एकदम मोठं एक्सपोजर पडलं की ट्रॅक तापून फुगतो, आतला भाग थंडच राहतो आणि चकतीला तडा जातो. तडा केंद्रापर्यंत गेला तर चकती फिरताना थरथरते, आणि मग दुरुस्ती नसते.

पद्धत उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. साधारण क्रम असा असतो: कॉलिमेटरची पाती पूर्ण बंद, खोलीत कोणी नाही, मोठा फोकस, ७० केव्हीच्या आसपास, कमी एमए, एक सेकंदाच्या आसपासची दोन-तीन एक्सपोजर, मध्ये काही सेकंदांची उसंत. पॅनेल झोतातून बाजूला ठेवा. दुपारी मशीन दोन-तीन तास नुसतं पडून राहिलं असेल तर पुन्हा एकदा करा, विशेषतः पुढचं काम कमरेचं असेल तर.

ट्यूब जाते म्हणजे नेमकं काय होतं?

वेगवेगळ्या ट्यूब वेगवेगळ्या कारणांनी जातात, आणि मरायला टेकलेली ट्यूब आधी लक्षणं दाखवते.

फिलामेंट: तापून टंगस्टनची वाफ होते, तार बारीक होत जाते आणि एक दिवस तुटते. तुटली की त्या फोकसवर एमए शून्य. दुसरा फोकस मात्र चालतो, त्यावरून लगेच ओळखता येतं. जास्त एमएवर काम म्हणजे फिलामेंट जास्त तापलेली, म्हणून नेहमी कमाल एमए वापरणाऱ्या खोलीत ती लवकर जाते.

काचेवरचा थर: उडालेला टंगस्टन काचेच्या आतल्या बाजूला बसतो आणि तपकिरी, आरशासारखा चकाकतो. तो दोन त्रास देतो. किरणांना जादा फिल्टर बनतो, आणि विजेला वाट मिळाल्यामुळे आत ठिणगी पडू लागते. मशीन मध्येच ट्रिप होतं, "कट्" असा आवाज येतो. धातू-सिरॅमिकच्या ट्यूबमध्ये हा प्रश्न बराच कमी असतो.

ट्रॅक खडबडीत होणं: हजारो एक्सपोजरनंतर गुळगुळीत पट्टा कोरड्या तळ्याच्या चिखलासारखा बारीक भेगांनी फाटतो. भेगांच्या आत तयार झालेले किरण कडांवर अडतात. तीच केव्ही, तोच एमएएस, पण तीव्रता कमी. टेक्निशियन नकळत एमएएस वाढवतो, ट्रॅक आणखी तापतो आणि घसरण वेग घेते.

बेअरिंग: निर्वातात तेल-ग्रीस चालत नाही, म्हणून बॉलवर चांदी किंवा शिशाचा पातळ थर असतो. चकतीची उष्णता दांड्यातून खाली पोहोचू नये म्हणून दांडा मुद्दाम बारीक आणि मॉलिब्डेनमचा करतात. तरी अ‍ॅनोड वारंवार तापवला की थर उडतो. घरघर वाढते, पहिल्या टप्प्याला वेळ जास्त लागतो. रोटर अडकला आणि संरक्षण चाललं नाही, तर थांबलेल्या चकतीवर एकाच जागी खड्डा वितळतो.

वायू: आतल्या धातूतून वायू सुटला किंवा काचेला सूक्ष्म तडा गेला की निर्वात बिघडतो. एमए एकदम उसळतो आणि मशीन ट्रिप होतं. बरेच महिने न वापरलेल्या ट्यूबमध्येही हे दिसतं. तिथे थेट १०० केव्ही लावू नका. कमी केव्हीपासून टप्प्याटप्प्यानं वर नेण्याची जी सीझनिंगची पद्धत पुस्तिकेत असते, ती इंजिनिअरकडून करून घ्या.

तेल: हाउसिंगखाली तेलकट डाग दिसला तर मशीन बंद. तेल कमी झालं की हवेचा बुडबुडा होतो आणि त्यातून उच्च दाबाची ठिणगी पडते. हाउसिंगमध्ये तेलाच्या प्रसरणासाठी फुगणारा पडदा आणि त्याला टेकलेला सुरक्षा स्विच असतो. तेल जास्त तापलं की तो एक्सपोजर अडवतो. हा स्विच "सारखा त्रास देतो" म्हणून जोडून टाकल्याचं आढळलं, तर ते आधी दुरुस्त करा. उकळलेल्या तेलाचं हाउसिंग पेशंटच्या अंगावर टांगलेलं असतं.

चित्र अचानक दाणेदार येऊ लागलं. ट्यूबवर संशय कधी घ्यायचा?

सगळ्यात शेवटी. आधी अंतर, ग्रिड, पॅनेल आणि निवडलेला प्रोटोकॉल. मग दोन्ही फोकसवर तेच एक्सपोजर घेऊन पाहा. एकच फोकस बिघडलेला असेल तर फिलामेंट किंवा तिचा पुरवठा. त्यानंतर मीटरनं प्रत्यक्ष केव्ही मोजा. केव्ही बरोबर असून प्रति एमएएस तीव्रता जुन्या नोंदीपेक्षा बरीच खाली असेल तर ट्रॅक खराब झालाय किंवा काचेवर थर बसलाय. यासाठी जुनी नोंद लागते. नवी ट्यूब बसली त्या दिवशी ८० केव्हीला १०० सेंमीवर किती मिळत होतं हे लिहून ठेवलं नसेल, तर आज मिळालेल्या आकड्याशी तुलना कशाशी करणार? इन्स्टॉलेशनचा अहवाल फाइलला लावून ठेवा.

हाउसिंग किंवा केबलची टोकं स्वतः उघडू नका. मुख्य वीज बंद केल्यावरही उच्च दाबाच्या केबलमध्ये भार साठलेला राहू शकतो.

गावात विजेचा दाब कमी-जास्त होतो. ट्यूबवर परिणाम होतो का?

हो, आणि तालुक्याच्या ठिकाणी हा अगदी नेहमीचा प्रश्न आहे. ८० केव्ही, ३०० एमए म्हणजे २४ किलोवॅट. हे थेट २३० व्होल्टच्या सिंगल फेजवरून घ्यायचे तर त्या क्षणी शंभर अँपिअरहून जास्त करंट लागतो. ट्रान्सफॉर्मरपासून खोलीपर्यंतच्या वायरचा रोध ०.३ ओहम असला तरी तीसेक व्होल्ट वाटेतच पडतात. जुन्या मशीनमध्ये त्याबरोबर केव्ही पडतो आणि चित्र फिकं येतं. फिलामेंटच्या बाबतीत फरक आणखी तीव्र असतो. तिचा दाब ५ टक्क्यांनी बदलला तर एमए २० ते ३० टक्क्यांनी बदलू शकतो. म्हणून फिलामेंटच्या पुरवठ्याला वेगळा स्टॅबिलायझर असतो.

उपाय क्रमानं सांगायचे तर: मशीनसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड केबल, उत्पादकानं सांगितलेल्या रोधाच्या आत. स्वतंत्र अर्थिंग. शक्य तिथे ४१५ व्होल्टचा पुरवठा. तो मिळत नसेल तर कपॅसिटर किंवा बॅटरीत ऊर्जा साठवून एक्सपोजर देणारं मशीन, त्याला साध्या प्लगवरही चालतं. हाय फ्रीक्वेन्सी जनरेटर केव्हीवर सतत लक्ष ठेवून तो सावरतो, त्यामुळे थोडे चढउतार त्याला बाधत नाहीत. घरगुती स्टॅबिलायझर मात्र इथे निरुपयोगी आहे. तो इतक्या कमी वेळात प्रतिसाद देऊच शकत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा फिल्टर कशासाठी? काढला तर चित्र उजळेल का?

काढू नका. मऊ किरण पॅनेलपर्यंत पोहोचत नाहीत, ते कातडीतच शोषले जातात. चित्राला काही उपयोग नाही आणि पेशंटला नुसता डोस. म्हणून १०० केव्हीच्या वर जाणाऱ्या मशीनमध्ये एकूण फिल्टर किमान २.५ मिमी अ‍ॅल्युमिनियमइतका लागतो. काच, तेल आणि कॉलिमेटरचा आरसा हेही त्यात धरतात. कॉलिमेटर दुरुस्तीला उघडला असेल तर पट्टी परत बसली की नाही हे पाहणं तुमचं काम.

कॉलिमेटरच्या दिव्याची चौकट आणि किरणांची चौकट जुळली पाहिजे. मर्यादा अंतराच्या २ टक्के, म्हणजे १०० सेंमीवर २ सेंमी. तपासायला पॅनेलवर दिव्याच्या चौकटीच्या चारही कडांवर नाणी ठेवून हलकं एक्सपोजर घ्या. बल्ब बदलला किंवा कॉलिमेटरला धक्का लागला की हे नक्की करा.

मशीन बंद केल्यावर खोलीत किरण उरतात का?

नाही. एक्सपोजर संपताच किरण संपतात. ट्यूबमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ नसतो, भिंती किंवा पेशंट किरणोत्सर्गी होत नाहीत.

टेक्निशियनला धोका किती, आणि नियम काय आहेत?

एक्सपोजर चालू असताना तीन ठिकाणांहून किरण येतात: मुख्य झोत, हाउसिंगमधून झिरपणारे आणि पेशंटच्या शरीरावरून विखुरणारे. झिरपणाऱ्यांना मर्यादा आहे, फोकसपासून १ मीटरवर तासाला १ मिलीग्रे. व्यवहारात टेक्निशियनला मिळतो तो बहुतेक डोस पेशंटवरून विखुरलेल्या किरणांचा. अंतर १ मीटरवरून २ मीटर केलं की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. वॉर्डात पोर्टेबल घेताना बटणाची केबल पूर्ण ताणून, शिशाचा एप्रन घालून उभे राहा. डोस मोजणारा बॅज एप्रनच्या आत, छातीवर.

भारतात या सगळ्यावर अणुऊर्जा नियामक परिषदेचं, म्हणजे एईआरबीचं नियंत्रण आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. मशीनसाठी तिच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. क्वालिटी अ‍ॅशुरन्सची चाचणी किमान दोन वर्षांतून एकदा, आणि ट्यूब बदलण्यासारख्या मोठ्या दुरुस्तीनंतर लगेच. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. तुलनेसाठी, छातीच्या एका साध्या एक्स-रेचा पेशंटला मिळणारा डोस सुमारे ०.०२ मिलीसिव्हर्ट असतो आणि निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात.

पेशंट धरायला टेक्निशियननं उभं राहू नये. गरज पडली तर नातेवाइकाला एप्रन देऊन उभं करा, गरोदर बाईला मात्र नाही.

सीटीची ट्यूब इतकी महाग का?

साध्या एक्स-रेला सेकंदाचा काही भाग पुरतो, सीटीत ट्यूब सलग अनेक सेकंद चालू राहते. त्यामुळे तिची उष्णता साठवण्याची क्षमता काही दशलक्ष हीट युनिट असते, साध्या ट्यूबच्या कित्येक पट. त्यात ती गॅन्ट्रीत, म्हणजे सीटीच्या गोल कड्यात, पेशंटभोवती सेकंदाला दोन-तीन फेरे घेत असते, म्हणजे बेअरिंगवर स्वतःच्या वजनाच्या अनेक पट भार. म्हणून अनेक सीटी ट्यूबमध्ये बॉल बेअरिंगच्या जागी द्रवरूप धातूचं बेअरिंग असतं. त्यात गॅलियमचा मिश्रधातू वंगणाचं काम करतो आणि चकतीची उष्णताही बाहेर नेतो.

कूलिजच्या ट्यूबचं नाव अजून का घेतात?

१८९५ साली रोंटगेननं किरण शोधले तेव्हाच्या आणि नंतरच्या पंधरा-वीस वर्षांच्या ट्यूबमध्ये थोडा वायू ठेवावा लागे. तो वायूच इलेक्ट्रॉन पुरवायचा. वापरता वापरता वायू कमी-जास्त होई आणि एमए व केव्ही दोन्ही एकदम बदलत. १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तापलेली टंगस्टनची फिलामेंट आणि जवळपास पूर्ण निर्वात असं जोडून दाखवलं. तेव्हापासून एमए फिलामेंटच्या तापमानानं आणि केव्ही वेगळ्या दाबानं ठरवता येतो. आज तुम्ही दोन आकडे वेगवेगळे लावता, ती सोय तिथून आली.

जुनी ट्यूब बदलताना काय पाहावं आणि काढलेलीचं काय करावं?

नवीन घेताना फोकसची जोडी, अ‍ॅनोडचा कोन, दोन्ही फोकसची किलोवॅट क्षमता, रोटरचा वेग आणि स्टेटरचा प्रकार हे जुन्याशी किंवा जनरेटरशी जुळलं पाहिजे. स्टेटर न जुळल्यास रोटर पूर्ण वेग पकडत नाही आणि नवी ट्यूबही लवकर जाते. केबलच्या टोकांना ताजी इन्सुलेटिंग पेस्ट, नवे गॅस्केट आणि केबलला पीळ नाही हे बघा. मग फिलामेंटचं कॅलिब्रेशन प्रत्येक एमए स्टेशनवर, आणि क्वालिटी अ‍ॅशुरन्सचा अहवाल हातात आल्यावरच पेशंट.

"रीलोडेड" ट्यूब म्हणजे जुन्या हाउसिंगमध्ये नवी किंवा वापरलेली आतली ट्यूब बसवलेली. वाईटच असते असं नाही, पण आतली ट्यूब नवी आहे का, तेल निर्वात करून भरलं आहे का आणि गळतीची चाचणी झाली का, हे लेखी घ्या.

काढलेली ट्यूब भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. निर्वात काच फुटली तर तुकडे उसळतात, हाउसिंगमध्ये शिसं आणि तेल असतं आणि मॅमोग्राफीच्या खिडकीतल्या बेरिलियमची धूळ श्वासात जाणं घातक असतं. पुरवठादाराला परत द्या आणि मशीनच काढून टाकत असाल तर ई-लोरावर तशी नोंद करा.